पहिला घोट कोणी घेतला, याविषयीचं निवेदन

कोणतीही मोठी व्यवस्था पुढे जाणाऱ्यांच्या जोरावर उभी नसते. ती मागून जाणाऱ्यांच्या जोरावर उभी असते. पुढे जाणारा एकटा असतो. तो आजारी पडू शकतो, रजेवर जाऊ शकतो, त्याची बदली होऊ शकते. मागून जाणारे शेकड्यांनी असतात, वेळेवर येतात आणि येताना डबा आणतात. मी विद्युत समतोल कार्यालयात उपनियंत्रक (सहमती) या पदावर बरीच वर्षं काढली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो, की समतोल म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघणं. बाकी सगळी गणितं आहेत आणि ती दुसऱ्या मजल्यावर करतात.

आमच्या कार्यालयाचं काम सांगायला सोपं आहे. तारेतली वीज सेकंदाला पन्नास ठोके देते. तिने ते पन्नासच द्यावेत, एवढं आम्ही बघतो. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर एक मोठा आकडा लावलेला आहे. ठोके कमी झाले की तो लाल होतो, जास्त झाले तरी लाल होतो, आणि बरोबर पन्नास असले की हिरवा राहतो व कक्षातली मंडळी वर्तमानपत्र वाचतात. तुमच्या घरचा पंखा, पाण्याचा पंप, शेजाऱ्यांचा टीव्ही (जो तुम्हाला ऐकू येतो) हे सगळं त्या हिरव्या आकड्यावर चालतं. तुम्ही त्याबद्दल आमचे कधी आभार मानलेले नाहीत. आमची तक्रार नाही, फक्त नोंद आहे.

पूर्वी हे ठोके आजोबा देत असत. आजोबा म्हणजे वीजघरातलं जुनं जनित्र. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण त्यांच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नसे. कित्येक टन लोखंड एका चालीने गरगरत असायचं. एखाद्या कारखान्याने अचानक सगळी यंत्रं लावली, तरी आजोबा दचकत नसत. एवढ्या वजनाचा माणूसही चटकन दचकत नाही. (या ठिकाणी जडत्व हा शब्द येतो आणि वाचकाला आमच्या कार्यालयाविषयी एक विनोद सुचतो. तो विनोद दप्तरी पूर्वीच नोंदला गेला असून पुन्हा करण्यास मनाई आहे.)

मग ऊन आणि वारा आले. म्हणजे ते आधीही होते, पण खात्यात नव्हते. गावाबाहेरच्या माळावर काचेची तावदानं पसरली, टेकडीवर पंखे उभे राहिले आणि त्यांची वीज तारेत सोडण्यासाठी जागोजागी कपाटाएवढे खोके बसले. त्यांचं इंग्रजी नाव कन्व्हर्टर. आम्ही खोकेच म्हणतो. उन्हाच्या विजेला स्वतःचा ठोका नसतो. तिला तारेच्या ठोक्यात बसवून देणं हे खोक्याचं काम. ते करण्यासाठी त्याला एकच नियम शिकवलेला असतो: तारेकडे बघ, ती काय करते आहे ते ओळख, आणि तू तेच कर.

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा माझे डोळे भरून आले. असे कर्मचारी मिळवण्यासाठी आमच्या आस्थापना विभागाने हयात घालवली होती, आणि ते कपाटात बसून मिळत होते. तीनशे बारा खोके, आणि एकालाही स्वतःचं मत नाही. तारेत वीज नसली तर ते काहीच करत नाहीत, शांतपणे वाट बघतात. पगार नाही, संघटना नाही, आणि सेवानिवृत्तीच्या वेळी भाषण करावं लागत नाही.

आता थोरल्या साहेबांविषयी सांगणं भाग आहे. थोरले साहेब हे आमचे संचालक. बैठकीत ते फारसं बोलत नसत, पण आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. चहा आला की सगळ्यांनी कपाचा कान धरायचा आणि थांबायचं. साहेबांनी पहिला घोट घेतला, म्हणजे समोरचा प्रस्ताव मंजूर. मग अकरा जणांनी अकरा घोट घ्यायचे आणि शिपायाने बिस्किटं फिरवायची. साहेबांनी कप पुढे सरकवला, म्हणजे नामंजूर. मग आम्हीही कप सरकवायचे. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, पण नियमावलीतली कित्येक कलमं मोडलेली मी पाहिली आहेत, ही पद्धत मोडलेली कधी पाहिली नाही. एकदा साहेबांना चहा जास्त गरम लागला आणि त्यांनी कप क्षणभर खाली ठेवला. एका पुलापलीकडची सगळी वस्ती त्यामुळे दोन वर्षं उशिरा वीज पाहू शकली.

अशा कार्यालयात छोट्या मॅडम आल्या. त्या आमच्यात वयाने सगळ्यात लहान, खोक्यांचा विभाग सांभाळत आणि प्रश्न विचारत. त्यांच्या आईचं गावाबाहेर अंडी उबवण्याचं केंद्र होतं. मोठमोठ्या पेट्यांत अंडी ठेवायची, पेट्यांत ऊब राखायची आणि दिवस भरले की पिल्लं काढायची, असा तो उद्योग. पूर्वी आईंकडे वीज गेली तर चालवायला जनरेटर होता. मुलगी वीज कार्यालयात लागल्यावर त्यांनी तो विकून टाकला. मुलगीच म्हणाली होती, "आई, आता त्याची गरज नाही." हे वाक्य पुढे तिला फार जड गेलं.

आजोबांना आणि थोरल्या साहेबांना एकाच दिवशी निवृत्त करायचं ठरलं. समारंभाचा खर्च वाचतो. त्याच्या आधीच्या बैठकीत छोट्या मॅडम उभ्या राहिल्या. चहा नुकताच आला होता.

"बॅटरीला जोडलेले जे चार खोके आहेत," त्या म्हणाल्या, "त्यांना तारेकडे बघायचं नाही असं शिकवायचं. ठोका त्यांनी स्वतः द्यायचा. बाकीचे त्यांच्याकडे बघतील."

थोरल्या साहेबांनी कपाचा कान धरला होता, तो सोडला. अकरा कान सुटले.

"स्वतः म्हणजे? कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही, साहेब."

"पण पन्नास म्हणून कोणीतरी सांगितलं असेल ना त्यांना?"

"आपणच सांगणार, एकदा. मग रोज उठून विचारायचं नाही."

रोज उठून विचारायचं नाही! मग ज्याने त्याने आपापल्या विभागाची बाजू मांडली. विधी अधिकाऱ्यांनी विचारलं, की ठोका चुकला तर मेमो कोणाला द्यायचा, आणि खोक्याला दिला तर पोच कोण देणार. भांडार अधिकाऱ्यांचा मुद्दा सेवाज्येष्ठतेचा होता: माळावरचे खोके आधी आले, ते मागे राहणार, आणि हे परवा पेटीतून काढलेले पुढे जाणार, हे बाकीच्यांनी का सहन करावं? लेखाधिकाऱ्यांनी पुढाकारासाठी वेगळा भत्ता लागू होतो का, एवढंच विचारलं आणि नाही म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला.

"आणि ते खोके हट्टीही नसतात," मॅडम म्हणाल्या. "ओझं वाढलं की ते ठोका किंचित खाली घेतात. बाकीच्यांना त्यावरून कळतं, की भार पडलाय. मग तेही हात लावतात."

"म्हणजे पुढे असूनही नमतं घेतात?" जनसंपर्क अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना.

"नमतं घेतात म्हणून तर पुढे राहू शकतात."

(हे वाक्य इतिवृत्तातून वगळण्यात आलं. थोरले साहेब तेव्हा खिडकीबाहेर बघत होते, पण धोका कशाला.)

साहेबांनी कप सरकवलाही नाही आणि उचललाही नाही. म्हणाले, "तयारी करून ठेवा. चालू करायचं की नाही ते पुढच्या बैठकीत बघू." पुढची बैठक त्यांच्या निवृत्तीनंतर होती. एवढा दूरदर्शी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जिन्यात छोट्या मॅडमनी मला गाठलं.

"सर, आजोबा थांबल्यावर हे तीनशे खोके कोणाकडे बघणार?"

"एकमेकांकडे."

"आणि चालेल ते?"

"मॅडम," मी म्हणालो, "मी इथे इतकी वर्षं आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्या खाली उतरल्या. माझं उत्तर त्यांना पटलं, असं मी तेव्हा धरून चाललो.

समारंभ वीजघराच्या आवारात झाला. ऊन स्वच्छ होतं, टेकडीवरचे पंखे फिरत होते, खुर्च्या भाड्याच्या होत्या. थोरल्या साहेबांनी आजोबांचं बटण दाबलं. आजोबा लगेच थांबले नाहीत. आवाज हळूहळू खाली येत गेला, मग नुसतं घरघरणं राहिलं, मग तेही संपलं. वीजघराच्या भिंतीपलीकडे इतकी शांतता असते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. आम्हा सगळ्यांना गलबलून आलं. (आधी साहेबांना, मग आम्हाला.)

आणि आकडा हिरवाच राहिला! ही गोष्ट विसरता कामा नये. पुढे कोणीही नसताना तीनशे बारा खोके नुसत्या परस्परविश्वासावर वीज चालवत होते. पहिला खोका दुसऱ्याकडे बघत होता, दुसरा तिसऱ्याकडे, आणि शेवटचा पहिल्याकडे. जनसंपर्क अधिकारी माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की हेच आमच्या कार्यालयाचं सामुदायिक नेतृत्व. हे वाक्य त्यांनी आदल्या रात्री पाठ केलं होतं आणि ते बरोबर जमलं.

मग माळावरून एक ढग गेला. ढग लहान होता. त्याच्यावर कारवाई करावी इतकाही मोठा नव्हता.

माळावरच्या एका खोक्याला वाटलं, तार जरा मंदावली. तो मंदावला. शेजारच्याने ते पाहिलं आणि तो जास्त मंदावला, कारण मागे राहण्याची त्याला सवय नव्हती. पहिल्याने ते पाहिलं आणि आपण फारच मंदावलो म्हणून वेग घेतला. मग सगळ्यांनीच वेग घेतला. मग सगळ्यांनाच वाटलं, जरा जास्त झालं. प्रत्येक जण दुसऱ्याचं बघून चुका दुरुस्त करत होता, आणि दुसरा त्याच्याच दुरुस्त्या बघून आपल्या करत होता, त्यामुळे दुरुस्त्या वाढत वाढत हाताबाहेर गेल्या. शेवटी नियमात लिहिल्याप्रमाणे, स्वतःला इजा होऊ नये म्हणून, एकेका खोक्याने अंग काढून घेतलं. एकाने घेतल्यावर बाकीच्यांनी घ्यायला वेळ लावला नाही. माइक बंद पडला. जनसंपर्क अधिकारी तसेच बोलत राहिले आणि पुढच्या रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली म्हणून आम्ही सगळ्यांनी वाजवली.

कार्यालयात परतलो तेव्हा भिंतीवरचा आकडा हिरवाही नव्हता आणि लालही नव्हता. तिथे नुसती भिंत होती.

आता एक अडचण लक्षात घ्या. खोक्याला शिकवलेलं होतं: तारेकडे बघ आणि तेच कर. तारेत काहीच नव्हतं. तीनशे बारा खोके तेच करत होते. ऊन भरपूर होतं, वारा भरपूर होता, आणि प्रत्येक खोका दुसरा कोणीतरी सुरुवात करेल म्हणून हात बांधून उभा होता. आजोबांना पुन्हा उठवावं म्हटलं, तर त्यांचं बटण समारंभात भेट म्हणून थोरल्या साहेबांना दिलं होतं आणि साहेब ते घेऊन घरी गेले होते.

नियमाप्रमाणे मी प्रथम तक्रार कक्षातून परिस्थितीचा आढावा घेतला. (दूरध्वनी वेगळ्या तारेवर असतात, ते चालू होते.) आढावा पुढीलप्रमाणे:

वीज गेलेली घरं: सर्व.
आलेल्या तक्रारी: शून्य.
समाधानी ग्राहकांचं प्रमाण: शंभर टक्के.

कार्यालयाच्या इतिहासात इतका चांगला आकडा आधी कधी आला नव्हता, आणि मी तो चौकट आखून लावायला सांगत होतो, तेवढ्यात छोट्या मॅडमचा मोबाइल वाजला. मी शेजारीच उभा होतो आणि त्यांच्या आईंचा आवाज मोकळा आहे.

"अगं, वीज गेलीय!"

"माहीत आहे, आई."

"माहीत आहे म्हणजे? मग आण ना!"

"बैठक बोलावलीय."

"बैठक कशाला? बटण नाही का तुमच्याकडे?" मग आवाज खाली आला. "पेट्या गार पडायला लागल्यात गं. घरातल्या सगळ्या चादरी घातल्यात वरून, तुझी जुनी शालसुद्धा. आज पिल्लं बाहेर यायची. आतून टोचायला लागली होती. एकाचं ऐकून दुसरं टोचतं, पेटीला कान लावला की टकटक ऐकू येते. आता गप्प होत चाललीत."

मॅडमनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मग त्यांनी जे विचारलं, ते मला तेव्हा अगदीच अवांतर वाटलं.

"आई, आणि पहिलं कोणाचं ऐकून टोचतं?"

"पहिलं कोणाचं कशाला ऐकेल? त्याला आत जागा पुरेना झाली की टोचतं ते. तू पिल्लांची चौकशी काय करत बसलीस? तुझ्या शब्दावर जनरेटर विकलाय मी."

बैठक भरली. टेबलाच्या टोकाला थोरल्या साहेबांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर शिपायाने सवयीने कप ठेवला होता. (चहा गॅसवर होतो, त्यामुळे कार्यालयाचं मुख्य काम सुरू होतं.) मॅडमनी प्रस्ताव मांडला: चार खोके तयार आहेत, बॅटरी भरलेली आहे, उपकेंद्रातला ऑपरेटर फोनपाशी बसला आहे, फक्त हो म्हणा. सगळ्यांना प्रस्ताव मान्य होता. हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो, कारण नंतर प्रत्येकाने मला खासगीत तसं सांगितलं. आम्ही अकरा जणांनी कपाचे कान धरले आणि थांबलो.

कोणीच घोट घेईना.

काही वेळाने लेखाधिकाऱ्यांचा कप किंचित हलला. त्यांना खोकला आला होता, पण समोर बसलेल्या विधी अधिकाऱ्यांनी तो इशारा समजून आपला कप उचलला. ते पाहून मी उचलला. लेखाधिकाऱ्यांनी पाहिलं, की सगळे उचलताहेत, म्हणून त्यांनी खरोखरच उचलला. तेवढ्यात विधी अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळ्यांच्या आधी उचललाय. त्यांनी घाईने खाली आणला. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याहून जास्त घाईने खाली आणला. आपण फार लवकर माघार घेतली, असं भांडार अधिकाऱ्यांना वाटलं, म्हणून त्यांनी पुन्हा वर नेला, या वेळी हनुवटीपर्यंत. अकरा कप हनुवटीपर्यंत गेले. अकरा कप परत आले. पुढच्या खेपेला बशा वाजायला लागल्या, त्याच्या पुढच्या खेपेला चहा जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या बाहीवर गेला आणि मग प्रत्येकाने, स्वतःला इजा होऊ नये म्हणून, हात टेबलाखाली घेतले.

टेबलावर सगळं स्थिर झालं. माझ्या मते समतोल साधला होता.

चहावर साय धरली. बाहेर ऊन होतं, खिडकीतून टेकडीवरचे पंखे फिरताना दिसत होते आणि आम्ही मूग गिळून बसलो होतो. मॅडमच्या पर्समधला मोबाइल घरघरला. त्यांनी बघितला, घेतला नाही. तो थांबला. पुन्हा घरघरला नाही. मला वाटतं, तो पुन्हा वाजला असता तर त्या तशाच बसून राहिल्या असत्या.

त्यांनी कप उचलला. साय बाजूलाही केली नाही. सगळा चहा, गार, एका दमात प्यायल्या आणि कप बशीत असा ठेवला, की आवाज झाला.

अकरा जणांनी अकरा घोट घेतले. तो गार चहा इतका चांगला लागला, की मला स्वतःचीच लाज वाटली. मग मी बिस्किट घेतलं. इतिवृत्तात नोंद झाली: प्रस्ताव सर्वानुमते मंजूर.

मॅडमनी तिथूनच उपकेंद्रात फोन लावला.

"चालू करा."

"चारच? अहो, पण बाकीचे…"

"बाकीचे बघतील आणि येतील. तुम्ही करा."

आणि ते आले, हो! आधी चार खोक्यांनी कोणालाही न विचारता पन्नास ठोके द्यायला सुरुवात केली. मग माळावरचा एक जागा झाला, मग त्याच्या शेजारचा, मग टेकडीवरचे. ओझं येईल तसे ते चौघे जरा खाली वाकत होते आणि बाकीचे हात लावत होते, अगदी मॅडम म्हणाल्या होत्या तसं. भिंतीवर आकडा उगवला. आधी लाल, थोडा डळमळता, मग हिरवा. दालनातला पंखा फिरला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिली कोणी वाजवली ते या वेळी मी बघितलं नाही.

संध्याकाळी आईंचा फोन आला. बरीचशी पिल्लं निघाली होती. खालच्या पेटीतली अंडी गप्पच राहिली. मॅडमनी "बरं" म्हटलं आणि बराच वेळ फोन कानालाच ठेवला. पलीकडून पिल्लांचा गलका माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता.

यथावकाश चौकशी समिती नेमली गेली. विषय एकच: त्या दिवशी पहिला घोट कोणी घेतला? प्रत्येकाचा जबाब घेतला. अकरा जणांपैकी अकरा जण दुसरे होते. छोट्या मॅडमनी लेखी दिलं, की त्यांना तहान लागली होती. समितीने तहान हे तांत्रिक कारण म्हणून स्वीकारलं आणि प्रकरण बंद केलं. पुढे असा प्रसंग ओढवू नये म्हणून 'प्रथम घोट अधिकारी' असं पद निर्माण करून अर्ज मागवण्यात आले. अर्ज आलेले नाहीत. इच्छुक बरेच आहेत, पण आधी कोण भरतो ते बघताहेत. तोवर मॅडम पितात आणि आम्ही पितो. त्या रजेवर असल्या की त्या दिवशी चहा होत नाही.

परवा मात्र त्यांनी विचित्र केलं. कपाचा कान धरला आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी शांतपणे, जिन्यात बघितलं होतं तसं. मी खिडकीबाहेर बघितलं. टेकडीवरचे पंखे छान फिरत होते.

एक बाब तेवढी राहिली होती. सगळ्या गावाची वीज गेलेली असताना तक्रार एकही कशी आली नाही? वरच्या कार्यालयात हा आकडा कोणाला खरा वाटेना, म्हणून आमची माणसं घरोघर जाऊन विचारून आली. उत्तर सगळीकडे एकच मिळालं, आमच्या घरीसुद्धा. बायको म्हणाली, "पंखा थांबला म्हणून मी खिडकीतून बघितलं. समोरच्यांचाही थांबलेला. म्हटलं, चला, आपलीच नाही गेलेली. कोणीतरी केला असेल फोन." समोरच्या काकूंनीही आमच्या खिडकीत बघून हेच ठरवलं होतं. संबंध गावात फोन केला तो फक्त मॅडमच्या आईंनी, आणि त्याचं कारण अहवालात नमूद आहे: त्यांचं केंद्र गावाबाहेर एकटं असल्यामुळे त्यांना बघायला शेजारी उपलब्ध नव्हता.

तेव्हा वाचकहो, आमच्या खोक्यांना हसून झालं असेल, तर एक विनंती. हे वाचता वाचता तुमचा दिवा गेला, तर तुम्ही काय कराल हे आमच्याकडे नोंदलेलं आहे. तुम्ही उठाल, पडदा बाजूला कराल आणि समोरच्या घराकडे बघाल. तिथे अंधाऱ्या खिडकीत एक चेहरा असेल आणि तो तुमच्याकडे बघत असेल. तक्रार कक्षाचा क्रमांक तुमच्या बिलावर मागच्या बाजूला छापलेला आहे. पण घाई नको. आधी त्याला लावू द्या.